पोटाचे दुखणे आणि लग्नघरचा पेला

ईस्टर झाला की आमच्या मराठी कुटुंबांत लग्नांची घाई सुरू होते. गेल्या वर्षी अशाच एका लग्नाच्या आदल्या रात्री आम्ही गौलीगुड्यातील एका घरी आशीर्वादाला गेलो होतो. गच्चीवर मांडव घातला होता, पाहुणे देगलूर-धर्माबादकडून आले होते. नवऱ्या मुलाचा धाकटा भाऊ, वय पंचविशीच्या आतले, एका कडेला ताकाचा पेला घेऊन बसला होता. त्याच्या मामांनी दुसराच पेला त्याच्यापुढे सरकवला. "अरे, घे एक घोट. ब्रँडी आहे, पोट बांधून येईल." मुलगा संकोचला आणि त्याने आमच्याकडे पाहिले. आम्ही, चार माणसांत जरा हशा पिकावा म्हणून, संत पौलाने तीमथ्याला पोटाच्या तक्रारीवर द्राक्षारसाचा सल्ला दिला होता याची आठवण करून दिली. हशा पिकला. मुलाने पेला उचलला.

दहाव्या दिवशी आम्ही त्याला रुग्णालयात भेटायला गेलो. दिवसातून बारा-बारा वेळा रक्त पडत होते, अंगात ताप होता, चेहरा पांढराफटक झाला होता. त्याला मोठ्या आतड्याचा जुना विकार होता. घरातल्या मंडळींना तो ठाऊक होता, आम्हांला नव्हता. त्या एका पेल्याने हे झाले असे डॉक्टर म्हणाले नाहीत. काय झाले ते पुढे येईलच. पण तेव्हापासून या विषयाची नीट माहिती करून घ्यावी असे आम्हांला वाटू लागले. डॉक्टरमंडळींना विचारून व वाचून जे समजले ते या पानावर देत आहोत.

आधी दुखण्याविषयी. आपल्याकडे शौचावाटे रक्त पडले की माणूस म्हणतो, मूळव्याध झाली. आव पडली की म्हणतो, आमांश झाला. बहुतेक वेळा ते खरेही असते. पण काही माणसांत आतड्याच्या आतल्या अस्तराला दाह होतो, तेथे व्रण पडतात, आणि हा दाह कोणत्या जंतूने झालेला नसल्यामुळे जुलाबाच्या गोळ्यांनी तो बरा होत नाही. शरीराची जी संरक्षक शक्ती रोगजंतूंशी लढायची, तीच आपल्या आतड्यावर उलटते. हा दाह दोन प्रकारचा. एकात फक्त मोठे आतडे सुजते. त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. दुसरा क्रोन्सचा विकार; तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही होऊ शकतो, बहुधा लहान आतड्याच्या शेवटच्या भागाला धरतो, आणि आतडे अरुंद करतो. पहिल्याचे वर्णन लंडनच्या सॅम्युअल विल्क्स यांनी १८५९ साली केले. दुसऱ्याला न्यूयॉर्कच्या डॉ. क्रोन यांचे नाव १९३२ सालच्या त्यांच्या व सहकाऱ्यांच्या लेखामुळे पडले.

हा गोऱ्या लोकांचा किंवा श्रीमंतांचा रोग आहे, अशी समजूत फार दिवस होती. आपल्याच शहरातील एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजी या संस्थेच्या डॉक्टरांनी पोटाची तक्रार असलेल्या तीस हजारांहून अधिक लोकांची दुर्बिणीने तपासणी केली. त्यांत खेड्यांतलेही लोक होते. २०२३ साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा खेड्यांतही हा विकार जवळजवळ शहराइतकाच सापडतो असे दिसले. म्हणजे शेतावर राबणाऱ्या माणसाने 'आपल्याला कसला असला रोग' म्हणून स्वस्थ बसू नये. चार आठवड्यांवर जुलाब चालले, आव-रक्त पडू लागले, वजन उतरले, रात्री झोपेतून शौचाला उठावे लागले, तर वैदूच्या पुडीवर दिवस न काढता तपासणी करून घ्यावी. गौलीगुड्याच्या लोकांना लांब जायला नको. अफजलगंजला उस्मानिया रुग्णालयात या विकारांचा स्वतंत्र विभाग आहे.

या दुखण्याचा स्वभाव मोठा फसवा असतो. महिनोन्‌महिने ते झोपलेले असते. माणूस खातो-पितो, कामाला जातो, आपण बरे झालो असे समजतो. मग एकाएकी उठते. म्हणून औषधे बरे वाटत असतानाही घ्यायची असतात. आम्ही सांगितलेल्या मुलाचे नेमके येथेच चुकले.

त्याचे असे झाले. लग्नघर म्हणजे तीन आठवड्यांची धामधूम. रोज कोणी ना कोणी पाहुणा, रोज रात्री बैठक. त्या मुलाला कोणीतरी सांगितले होते की इंग्रजी औषध आणि दारू एका दिवशी पोटात गेली तर विष होते. त्याने शहाणपणा केला: ज्या दिवशी पिणे व्हायचे, त्या दिवशी तो मेसालामिनची गोळी घेत नसे. तीन आठवड्यांत निम्म्याहून अधिक दिवस गोळी चुकली. सकाळी डोके दुखे म्हणून तो डायक्लोफेनॅक घेई. एका दुपारी मित्रांबरोबर कल्लू कंपाउंडमध्ये जाऊन शिंदीही झाली. डॉक्टरांना हे सारे ऐकायला तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी त्यांनी विचारले, "दारू घेता का?" तेव्हा मुलाचे वडील शेजारी उभे होते. मुलगा म्हणाला, "नाही."

यात आम्हांला दोष द्यायचा असेल तर त्या मुलाला देववत नाही. बापासमोर तरुण मुलगा आणखी काय सांगणार? वाचकांपैकी जे वडीलधारे असतील त्यांना आमची विनंती आहे की, डॉक्टर तपासू लागले की दोन मिनिटे बाहेर जाऊन उभे राहावे. डॉक्टर पोलीस नव्हेत. दारूचे प्रमाण कळले तर ते त्याप्रमाणे औषध निवडतील, रक्त तपासतील. न कळले तर ते आंधळेपणाने औषध देतील.

आता मूळ प्रश्न. दारूने हा विकार जडतो का? तसे सिद्ध झालेले नाही. असलेला विकार दारूने उठतो का? येथे उत्तर सरळ नाही, आणि आम्ही ते सरळ असल्याचे भासवणार नाही. इंग्लंडच्या ईशान्य भागातील डॉक्टरांनी दुखणे शांत असलेल्या १९१ कोलायटिसच्या रुग्णांवर वर्षभर लक्ष ठेवून २००४ साली आपला अहवाल छापला. वर्षात निम्म्याहून थोड्या अधिक लोकांचे दुखणे उलटले. जे सर्वांत जास्त मद्य घेत त्यांचे दुखणे सर्वांत कमी घेणाऱ्यांपेक्षा अधिक वेळा उलटले. मद्यात व काही खाद्यपदार्थांत असलेल्या गंधकाच्या क्षारांवर त्या डॉक्टरांचा संशय होता. त्याच अहवालात मांसाचा, विशेषतः लाल मांसाचा, संबंध मद्याहूनही ठळक निघाला. लग्नाच्या पंगतीत ज्यांची नजर मटणाच्या पातेल्यावर असते त्यांनीही हे वाचावे.

दुसरा एक प्रयोग शिकागोच्या डॉक्टरांनी २०११ साली प्रसिद्ध केला. रुग्ण थोडे होते, सर्वांचे दुखणे शांत होते. त्यांना आठवडाभर रोज एक ते तीन पेले लाल द्राक्षमद्य दिले. कोणाचा त्रास वाढला नाही. शौचातील दाहाची एक खूण तर कमीच झाली. पण आतड्याच्या अस्तराची गळती मात्र वाढलेली सापडली. अस्तर म्हणजे बांध समजा. बांधाला उंदरांनी बिळे केली तरी पहिल्या दिवशी शेतात पाणी दिसत नाही. 'मला तर काहीच झाले नाही' असे जो रुग्ण म्हणतो, तो खोटे बोलत नाही, पण त्याला आतले दिसत नसते.

हे कसे घडते? मद्य बहुतेक लहान आतड्यातच शोषले जाते. मग रक्तावाटे ते मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचते. तेथे राहणारे जंतू त्यापासून ॲसिटाल्डिहाइड नावाचे दाहक द्रव्य करतात. अस्तराच्या पेशी एकमेकींना जेथे चिकटलेल्या असतात ते सांधे त्याने ढिले होतात. शिवाय मद्याने शौच पातळ होते, लघवी वाढते, अंगातले पाणी कमी होते. ज्याला आधीच जुलाब आहेत त्याचे पाणी दोन्हीकडून जाते. ब्रँडीने पोट बांधून येते ही आपल्याकडची जुनी समजूत आहे. ब्रँडीने घसा गरम होतो आणि माणसाला बरे वाटल्यासारखे होते, एवढेच. पोट तिने बांधले जात नाही. जुलाबाला मीठ-साखरेचे पाणी, म्हणजे दवाखान्यात मिळणारी जलसंजीवनी, हेच खरे.

पेल्याबरोबर काय खाल्ले जाते हेही पाहावे. तळलेली मिरची, तिखट शेंगदाणे, भाजलेले चणे, सालीसकट मका. क्रोन्सच्या विकाराने ज्याचे आतडे एखाद्या ठिकाणी अरुंद झाले आहे, त्याच्या आतड्यात असा चकणा अडकून बसू शकतो. पोट फुगले, कळा येऊ लागल्या, उलट्या सुरू झाल्या, वारा सरेना, तर ती रात्र घरी काढू नये. अनेकदा दोष चकण्याचा असतो आणि नाव दारूचे होते, उलटही घडते. म्हणून डॉक्टर वही ठेवायला सांगतात: काय खाल्ले, काय प्याले, दुसऱ्या दिवशी किती वेळा जावे लागले. शाळकरी पोराची जुनी वहीसुद्धा चालते.

औषधांविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण बहुतेक नुकसान येथे होते. मेसालामिनचे दारूशी थेट वैर नाही. त्या मुलाने गोळी चुकवली नसती तर निदान ते एक संकट टळले असते. गोळी आणि पेला यांपैकी एकच घ्यायचे असेल, तर गोळी घ्यावी. ॲझाथायोप्रिन यकृतावर व क्वचित स्वादुपिंडावर परिणाम करते. दारूही त्याच दोन अवयवांवर घाला घालते. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे औषध आहे. ते यकृताला जड असते, आणि ते घेणाऱ्याने मद्य न घेतलेले बरे. जाता जाता एक सांगून ठेवतो: हे औषध चुकून रोज घेतल्याने माणसे दगावलेली आहेत, तेव्हा पाकिटावर वार लिहून ठेवावा. प्रेडनिसोलोनसारखी स्टिरॉइडे पोटात आग करतात, साखर वाढवतात, हाडे पोखरतात, झोप उडवतात. दारू या चारही कामांत त्यांना हातभार लावते. मेट्रोनिडॅझोल घेत असताना व नंतरचे दोन-तीन दिवस मद्य वर्ज्य आहे. मळमळ, उलट्या, छातीत धडधड होते असा इशारा त्या औषधासोबत असतो. अलीकडे काही संशोधकांनी या इशाऱ्याविषयी शंका घेतली आहे, पण आपल्या पोटावर ती शंका तपासून पाहण्याची गरज नाही. आणि डोकेदुखीवरची आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही औषधे या विकारात मुळातच टाळावीत. त्यांनी झोपलेले दुखणे उठू शकते.

आपल्या देशात आणखी एक गोष्ट आहे, ती परदेशी पुस्तकांत क्वचितच सापडते. आतड्याचा क्षय आणि क्रोन्सचा विकार दिसायला इतके सारखे असतात की, दुर्बिणीने पाहून आणि तुकडा तपासूनही कधी कधी निर्णय होत नाही. मग डॉक्टर आधी क्षयाची औषधे देऊन पाहतात. आयसोनायझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड ही तिन्ही यकृताला त्रास देऊ शकतात. त्या दिवसांत दारू घेणाऱ्याला कावीळ होण्याचा धोका फार वाढतो. येथे 'थोडी चालेल का' हा प्रश्नच विचारू नये.

आता शिंदी-ताडीकडे वळू. आमच्या वाचकांत झाडे राखणारेही आहेत, त्यांनी राग मानू नये. पहाटे उतरलेला रस गोड असतो, ती नीरा. मडक्यातल्या खमिराने दुपारपर्यंत त्याची ताडी होते, आणि मद्याचे प्रमाण शेकड्यास चार-पाचपर्यंत जाते. ताडी थंड असते, उन्हाळ्यात पोटाला बरी, असे सीमेवरच्या बिलोली-धर्माबादपासून हैदराबादेपर्यंत सारे म्हणतात. झाडाखाली बसून प्यालेल्या ताडीविषयीही या रुग्णाने सावध राहावे. ती उकळलेली नसते, तिच्यात खमीर व जंतू जिवंत असतात, मडके धुतलेले असेलच असे नाही. आणि स्टिरॉइड किंवा ॲझाथायोप्रिन घेणाऱ्याची प्रतिकारशक्ती दबलेली असते.

शहरातल्या कंपाउंडमधली ताडी ही तर वेगळीच वस्तू आहे. हैदराबाद शहरातील ताडीची दुकाने २००४ साली बंद झाली होती; तेलंगण राज्य झाल्यावर २०१४ साली ती पुन्हा उघडली. एवढ्या गिऱ्हाइकांना पुरेल इतका रस शहराच्या आसपासच्या झाडांतून निघत नाही. मग पाण्यात सॅकरिन आणि गुंगीची औषधे मिसळली जातात: क्लोरल हायड्रेट, डायझेपाम, अल्प्राझोलम. जुलै २०२५ मध्ये कुकटपल्ली भागात अशीच ताडी पिऊन अनेक माणसे रुग्णालयात गेली आणि काही दगावली. तपासणीत अल्प्राझोलम सापडले. त्या लोकांना आधी काय झाले? जुलाब आणि उलट्या. मग रक्तदाब उतरला, मूत्रपिंडांना इजा झाली. आतड्याचा जुना रुग्ण असता तर तो जुलाब लागल्यावर म्हणाला असता, 'माझे नेहमीचेच आहे', आणि घरी पडून राहिला असता. आम्हांला सर्वांत भीती वाटते ती याची. गुळापासून चोरून गाळलेला गुडंबा याच माळेतला. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

जो रोज कंपाउंडची ताडी पितो, त्याने मात्र हे वाचून उद्यापासून एकदम बंद करू नये. शरीराला गुंगीच्या औषधांची सवय झालेली असते. एकदम तुटली तर हातपाय कापतात, भ्रम होतो, झटके येतात. एर्रागड्ड्याच्या मनोरुग्णालयात किंवा मोठ्या सरकारी दवाखान्यात जाऊन डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती सोडवावी. त्यात लाज नाही.

येथे पौलाच्या पत्राविषयी लिहिणे आम्हांला भाग आहे, कारण आम्हीच ते लग्नाच्या मांडवात ओढले. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायातील तेविसावे वचन वाचकांनी घरी काढून वाचावे. तेथे मद्याचा गौरव केलेला नाही. तीमथ्य फक्त पाणी पीत होता आणि वारंवार आजारी पडत होता, म्हणून एका वडीलधाऱ्या माणसाने तरुण सहकाऱ्याला सांगितलेला तो घरगुती उपाय आहे. त्या काळी पाणी उकळून पिण्याची रीत नव्हती, द्राक्षारस पाणी घालूनच पीत, आणि त्या पाण्याचा दोष काही अंशी त्याने कमी होई. पौलाजवळ दुर्बीण नव्हती, मेसालामिन नव्हते. आणि तो 'थोडा' म्हणतो, हे पेला उचलणारे नेमके विसरतात. आम्हीही त्या रात्री विसरलो. मुलगा रुग्णालयात आम्हांला म्हणाला, "फादर, तुम्हीच तर म्हणालात." त्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते.

काही रुग्णांनी मिस्सामधील पवित्र प्याल्याविषयी विचारले आहे. प्याल्यातला एक घोट फार अल्प असतो. तरी ज्यांना तोही नको असेल त्यांनी केवळ भाकरीच्या रूपात ख्रिस्तप्रसाद घ्यावा. एका रूपातही ख्रिस्त संपूर्णच असतो, ही चर्चची शिकवण आहे. धर्मगुरूंनाही मद्य वर्ज्य असेल तर बिशपांच्या परवानगीने न आंबलेला द्राक्षरस वापरता येतो.

मग करावे काय? दुखणे उठलेले असताना एक थेंबही नको, यावर सारे डॉक्टर एकमत आहेत. ज्यांचे यकृत बिघडले आहे, कोलायटिसबरोबर पित्तनलिकांचा दाह आहे, त्यांनी केव्हाच नको. दुखणे शांत असेल, औषधे नियमित चालू असतील, रक्ताची तपासणी ठीक असेल, तर काही डॉक्टर सणावारी थोडेसे घेण्यास हरकत घेत नाहीत. ते घ्यायचेच तर जेवल्यावर, पाणी घालून, सावकाश, आणि ओळखीच्या सीलबंद बाटलीतलेच. आमचे स्वतःचे मत विचाराल तर सोडून दिलेले बरे. कोलायटिस मोठ्या आतड्यात बरीच वर्षे राहिला तर त्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून सुमारे आठ वर्षांनंतर वेळोवेळी दुर्बीण घालून पाहतात. दारूही त्याच कर्करोगाला कारण होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले की, आरोग्याला मुळीच धोका नाही असे मद्याचे कोणतेही प्रमाण दाखवता येत नाही.

आणि रुग्णालयात केव्हा धावायचे? ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह व विट्स या डॉक्टरांनी १९५५ साली सांगितलेली खूण आजही वापरतात: दिवसात सहा किंवा अधिक वेळा रक्तासह शौच, आणि सोबत ताप किंवा नव्वदीच्या वर नाडी. अशा वेळी जुलाब थांबवणारी गोळी आपल्या मनाने घेऊ नये. आतडे फुगून फुटण्याचा धोका असतो.

तो मुलगा अठरा दिवसांनी घरी आला. आता ॲझाथायोप्रिन घेतो, पुन्हा कामावर जातो. त्याचे मामा परवा जांबागेत भेटले. म्हणाले, "फादर, आता त्याला आम्ही बैठकीत नुसता सोडा देतो, दारूचे नाव नाही." आम्ही म्हटले, "मामा, सोड्याच्या वायूनेही त्याचे पोट फुगते हो. त्याला ताकच द्या." ते थोडे रागावले, पण ताकात जिरे घातलेले चालेल का, हे विचारायला पुन्हा मागे वळले.